हम्प्टा पास: लग्नाचा कॅमेरा चौदा हजार फुटांवर न्यावा काय?

धुऱ्यावरचा | १८ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरी साडेसहा एकर कोरडवाहू आणि लग्नसराईत फोटोग्राफी. आत्ताच एका लग्नातून आलो, अंगणात बाजेवर पडून लिहून राहिलो आहे. कूलरमधलं पाणी संपलं आणि भरायला उठायची हिंमत नाही.

यंदा चौघं दोस्त मिळून हम्प्टा पास करायचं ठरवलं आहे. मनालीच्या वर जोबऱ्याहून चालायला सुरुवात, मग चिका, बालू का घेरा, मग १४,१०० फुटांची खिंड, पलीकडं शिया गोरू, छत्रू, आणि तिथून गाडीनं चंद्रताल. माझी आजवरची सगळ्यात मोठी चढाई चिखलदरा. तीही एसटीनं.

माझ्याकडं सात वर्षं जुना डीएसएलआर आहे. १८-५५, ७०-३०० आणि ५० मिमी अशा तीन लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड, चार बॅटऱ्या, बॅकअपची हार्डडिस्क, आणि हप्त्यावर घेतलेला ड्रोन. कापूस मोजायच्या काट्यावर सगळं ठेवून पाहिलं, ७ किलो ३०० ग्रॅम भरलं. दोस्त म्हणतात, येडा झाला काय, मोबाईल ने. बाबा म्हणतात, "थंडीत मरायले पैसे देऊन जातं काय?"

यातलं काय नेऊ, काय ठेवू? नुसत्या मोबाईलनं भागते काय? बर्फाचे फोटो आयुष्यात काढलेले नाहीत. गेलेल्यांनी सांगा.

तर्रीबाज | १८ एप्रिल, रात्री ११:५२

पहिला नंबर! बर्फाचे फोटो म्हणजे रसवंतीवाल्याच्या बर्फाचे काढून पाह्य ना भाऊ. बाकी जाणकार येतीलच.

आर्वीकर | १९ एप्रिल, सकाळी ७:१५

सात किलो कॅमेरा, वर तुझे कपडे, पाणी, रेनकोट. म्हणजे बारा-तेरा किलो पाठीवर. मी दोन वर्षांपूर्वी हाच ट्रेक केला. पहिल्या दिवशी दीडशे फोटो, दुसऱ्या दिवशी चाळीस, खिंडीच्या दिवशी अकरा. कॅमेरा पिशवीत होता आणि पिशवी पाठीवर. थांबायचं, पिशवी उतरवायची, चेन उघडायची, हातमोजा काढायचा, एवढं करेपर्यंत ढग येऊन जातो. खरं सांगतो, खिंडीतले अकराच्या अकरा फोटो मोबाईलचे आहेत. मोबाईल ने, निवांत जा.

जुनी_फिल्म | १९ एप्रिल, सकाळी ८:०५

आर्वीकर, तुमची अडचण कॅमेऱ्याची नाही, पिशवीची आहे. खांद्याच्या पट्ट्यावर कॅमेरा अडकवायचा क्लिप मिळतो. छातीशी कॅमेरा, हात मोकळे. लग्नात काय पिशवीतून काढता काय कॅमेरा? अंतरपाट सरकला की झालं, तिथं दुसरा चान्स नाही. हिमालयातही तेच.

धुऱ्यावरचा, तू सात किलोचं रडतो आहेस म्हणून सांगतो. १८६६ साली सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज फोटोग्राफर स्पितीच्या बाजूनं मणिरंग खिंडीवर चढला. १८,६०० फूट. तेव्हा काचेवर ओलं रसायन लावून, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथंच धुवायचा. म्हणजे काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधाऱ्या खोलीचा तंबू, सगळं सोबत. हमालांची रांगच्या रांग लागायची. त्यानं तिथून फोटो काढले आणि पुढं वीसेक वर्षं त्याहून उंचावरून कोणी काढले नव्हते. तू जाणार तो चंद्रताल त्याच स्पितीच्या वाटेवर.

मी स्वतः चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, त्यातली बरीचशी वर्षं अंधाऱ्या खोलीत, मे महिन्यात, पंखा बंद करून. त्यामुळं बोर्नच्या हमालांबद्दल मला फार आपुलकी आहे.

काडीबहाद्दर | १९ एप्रिल, सकाळी ९:३०

एक विचारू काय? एवढ्या दूर जाऊन डोळ्याला डबी लावून कशाले बसता? डोळ्यानं पाहा, मनात साठवा. आजकाल देवाच्या दर्शनालाही लोक मोबाईलमधून.

वणीची_मास्तरीण | १९ एप्रिल, सकाळी ९:४४

काडीबहाद्दर, तुमच्या प्रोफाइलला जो सूर्यास्त लावलाय तो मनातूनच काढला होता ना?

काडीबहाद्दर | १९ एप्रिल, सकाळी ९:४६

😂 तो भाच्यानं काढला.

पांढरं_सोनं | १९ एप्रिल, दुपारी १:२०

बर्फाबद्दल सांगतो, कारण यातच सगळे फसतात. कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. समोर जे आहे ते मध्यम करडं आहे असं धरून तो उजेड मोजतो. त्यामुळं बर्फ दिला की तो त्याला करडा करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोतला उजेड कमी-जास्त करायचं सेटिंग) प्लसमध्ये न्यावं लागते, १ ते १.७ पर्यंत, उन्हावर अवलंबून. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढ आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहत जा. स्क्रीनवर भरवसा ठेवू नको, त्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचं थोबाड दिसते फक्त. वरतं ऊनही वेगळं. हवा विरळ, दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, त्यात खालून बर्फाचा उजेड. गॉगल विसरलास तर संध्याकाळी डोळे उघडणार नाहीत.

सरावासाठी दूर जायची गरज नाही. यंदाच्या भावात तुझ्या घरी कापूस पडलेला असेलच. भर दुपारी खोलीचं दार उघड, उन्हाचा पट्टा गंजीवर येऊ दे आणि काढ. शून्यावर, +१ वर, +२ वर. गंजीवर बसून काढू नको, रात्रभर खाजवशील.

धुऱ्यावरचा | २० एप्रिल, रात्री १०:१५

पांढरं_सोनं भाऊ, कापूस आहेच, अकरा क्विंटल, खिडकीपर्यंत. आज दुपारी केलं. शून्यावर राखेच्या ढिगासारखा आला, चुलीतून काढल्यासारखा. +१.३ वर बोंडातून सुटलेला एकेक धागा दिसतो आणि त्यात अडकलेला पानाचा कुटकासुद्धा. +२ वर नुसता चुना फासला. लग्नात पांढरा कुर्ता आला की मी अंदाजानं वाढवत होतो, का ते आज समजलं. बाबा दारातून पाहून गेले. आईला म्हणाले, "पोट्टं कापसाचे फोटो काढून राह्यलं, गिऱ्हाईक पाहून राह्यलं वाटते."

चंद्रपूर४७ | २० एप्रिल, रात्री १०:४०

बाबा रॉक्स 😄

नाडीपरीक्षा | २१ एप्रिल, सकाळी ६:५०

फोटोबद्दल मला काही कळत नाही, छातीबद्दल कळतं. खिंडीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी. तुमचा ट्रेक मनालीहून तीन-चार दिवसांत १४,००० फुटांवर नेतो, म्हणजे शरीराला सवय व्हायला वेळ थोडाच. मनालीत एक दिवस जास्तीचा ठेवा.

फोटोवाल्यांची एक खास खोड असते. मागं राहतात, फोटो काढतात आणि मग गटाला गाठायला पळतात. दिवसातून वीसदा. सपाटीवर चालून जातं, तिथं डोकं ठणकायला लागतं. डोकेदुखी, मळमळ, झोप नाही, भूक नाही, यातलं काही असेल तर त्याच दिवशी म्होरक्याला सांगा, लपवू नका. वाढत असेल तर वर जायचं नाही. चालताना झोकांड्या, बसल्या जागी धाप, खोकला, असं झालं तर रात्र असली तरी खाली उतरायचं. डायमॉक्स वगैरे उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून, व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून नाही.

आर्वीकर | २१ एप्रिल, सकाळी ७:३०

+१ डॉक्टरसाहेब. आणखी एक. आपण शटर दाबताना श्वास रोखतो ना, ती सवय तिथं महागात पडते. एक फोटो श्वास रोखून काढला की पुढचे चार श्वास कुत्र्यासारखे. हात अजून हलतो. श्वास सोडता सोडता दाबायचं आणि शटर स्पीड सेकंदाच्या १/५०० हून जलद ठेवायचा. (हो, मी मोबाईलवाला असूनही हे सांगतोय. कॅमेरा नेला होता म्हणूनच माहीत आहे.)

तर्रीबाज | २१ एप्रिल, सकाळी ११:०२

खायला काय नेणार ते कोणीच विचारलं नाही. जवसाची चटणी ने. तिथं चार दिवस राजमा नि मॅगी. तिसऱ्या दिवशी तुले गावची आठवण फोटोतून नाही, जिभेतून येईन.

वणीची_मास्तरीण | २१ एप्रिल, दुपारी २:१०

जवसाला अनुमोदन. पण डबा घट्ट झाकणाचा. माझी चटणी उत्तराखंडात केदारकंठाच्या ट्रेकला स्लीपिंग बॅगमध्ये सांडली होती. सांकरीपासून १२,५०० फुटांपर्यंत लसणाचा वास सोबत.

आता मुद्द्याचं. मी डिसेंबरात गेले होते. बॅटरी! पहाटे तीनला शिखराकडे निघालो. आदल्या रात्री मोबाईल ८० टक्के, बाहेर काढून दोन फोटो काढले आणि बंद. मेला म्हणून रडकुंडीला आले. तंबूत परत येऊन स्वेटरच्या आत ठेवला तर अर्ध्या तासानं ६० टक्के दाखवतोय. थंडीत लिथियम बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते. चार्ज असतो, पण बाहेर येत नाही. बॅटऱ्या अंगाशी ठेवायच्या, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. कॅमेऱ्यातली गार झाली की खिशातली घालायची आणि गार झालेली खिशात. दोनावर सहा बॅटऱ्यांचं काम होतं.

आणि एक तक्रार. दहा जणांच्या गटात "मॅडम, तुम्हाला छान जमतं" म्हणून शिखरावर सगळ्यांनी आपापले मोबाईल माझ्या हातात दिले. सगळ्यांचे फोटो मी काढले. माझा शिखरावरचा एकही नाही. घरच्यांना अजून वाटतं, मी बेसकॅम्पला चहा पीत बसले होते.

जुनी_फिल्म | २१ एप्रिल, दुपारी ३:३५

मास्तरीणबाई, तुम्ही मोठ्या माणसाच्या रांगेत आहात. २९ मे १९५३ ला एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनसिंगचा कुऱ्हाड उंचावलेला फोटो हिलरीनं काढला. हिलरीचा माथ्यावरचा फोटो नाहीच.

चंद्रपूर४७ | २१ एप्रिल, दुपारी ४:२०

एव्हरेस्टचा विषय निघालाच म्हणून. २०१८च्या मे महिन्यात आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी पोरांनी एव्हरेस्ट सर केलं. ज्या महिन्यात आमच्याकडं डांबर वितळते त्या महिन्यात. तेव्हा विदर्भातला माणूस थंडीत काय करणार, असं कोणी म्हटलं की मी त्या पोरांचं नाव काढतो.

काडीबहाद्दर | २१ एप्रिल, संध्याकाळी ५:००

आणि २०१६ साली पुण्याचं एक जोडपं दुसऱ्याचा फोटो स्वतःचा करून एव्हरेस्टवीर झालं होतं, नेपाळ सरकारनं दहा वर्षांची बंदी घातली. म्हणून म्हणतो, मनात साठवा, मनातल्या फोटोची चौकशी होत नाही.

अकोटचा_पुण्यात | २१ एप्रिल, रात्री ९:१५

पुण्याला मधे आणल्याशिवाय धागा पुढं जातच नाही का? :)

लेन्सबद्दल जरा वेगळं मत. सगळ्यांना वाटतं, मोठा डोंगर म्हणजे वाइड लेन्स. उलटं आहे. १८ वर काढलास तर समोरचा दगड राक्षसाएवढा आणि मागचं शिखर वारुळाएवढं. डोळ्याला डोंगर अंगावर येतोय असं जे वाटतं ते १०० ते २०० वर मिळतं. म्हणून १८-५५ आणि ७०-३००, दोन्ही ने. ५० चा मोह टाळ, फ्लॅश घरी ठेव.

हार्डडिस्क तर अजिबात नेऊ नकोस. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये वाचणारं डोकं तबकडीवर हवेच्या पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की तो थर पुरत नाही. बहुतेक कंपन्या साधारण ३,००० मीटरपर्यंतच वापरा असं लिहितात. बालू का घेऱ्यालाच तू त्याच्या वर गेलेला असशील. चार मेमरी कार्डं घे, रोज एक बदल.

धुऱ्यावरचा | २२ एप्रिल, रात्री ११:१०

हार्डडिस्कचं खरंच माहीत नव्हतं. वाचलो. आणि ड्रोन? हप्ते भरून राहिलो आहे, निदान एकदा तरी हिमालयावर उडवू द्या.

अकोटचा_पुण्यात | २२ एप्रिल, रात्री ११:३२

नको. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग असतात, आधी ते बघावं लागतं. तो सगळा मुलूख सीमेकडचा, आणि चंद्रताल अभयारण्य आहे, २००५ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतलं पाणथळ. तिथं पक्ष्यांच्या डोक्यावर घरघर करत फिरवायची गोष्ट नाही. विरळ हवेत पंख्यांना जास्त जोर लागतो, थंडीत बॅटरी बसते. हप्ते राहतील, ड्रोन राहणार नाही.

मेळघाटी | २३ एप्रिल, पहाटे ५:४५

सगळं वाचलं. कोणीच तारखेचं बोलून नाही राहिलं. चंद्रतालला जाऊन आकाशगंगा न काढता येशील तर फुकट गेलास. मी जंगलात नोकरी करतो, अंधाराची किंमत मला विचार. आकाशगंगेचा गाभा पावसाळा सरता सरता रात्र पडल्याबरोबर नैऋत्येला दिसतो आणि मध्यरात्रीच्या आत मावळतो. चंद्र नको. अमावस्या पकड.

सेटिंग सोपं. ट्रायपॉड, १८ वर, लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ ३२००, शटर १५ ते २० सेकंद. तुझ्यासारख्या क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्याला त्याच्या वर गेलास की ताऱ्यांच्या रेघा. फोकस एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर, लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून, हातानं.

धुऱ्यावरचा | २३ एप्रिल, दुपारी १:००

मेळघाटी दादा, पावसाळा सरतानाची अमावस्या म्हणजे पोळा. पोळ्याला मी घरी नसलो तर बाबा बैलाऐवजी मला गावाबाहेर काढतील.

मेळघाटी | २३ एप्रिल, दुपारी १:२०

मग पोळा करून निघ.

वणीची_मास्तरीण | २३ एप्रिल, दुपारी १:३१

पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, चार दिवसांत गणपती, मग महालक्ष्म्या. घरी महालक्ष्म्या असतील तर आई सोडेल का? सोळा भाज्या, आंबील, कथली कोण ढवळेल?

धुऱ्यावरचा | २३ एप्रिल, दुपारी १:४०

आहेत. अडीच दिवस. हलता येत नाही.

तर्रीबाज | २३ एप्रिल, दुपारी १:४४

पुढची अमावस्या सर्वपित्री, त्याच्या पुढची दिवाळी. हिंदू धर्मात आकाशगंगेला वावच नाही 😭

जुनी_फिल्म | २३ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

थांबा, पंचांग काढलं. अमावस्याच कशाला पाहिजे? अनंत चतुर्दशी झाली की पौर्णिमेला निघ. दोन दिवस प्रवास, एक दिवस मनाली (डॉक्टरसाहेबांचा), चार दिवस चालणं. चंद्रतालला पोहोचशील तेव्हा वद्य अष्टमीच्या आसपास. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. म्हणजे अंधार पडल्यापासून चार तास आकाश तुझं, आणि गाभा नेमका तेव्हाच नैऋत्येला. पितृपक्ष, म्हणून कुठलं कार्य नाही, आणि चातुर्मासात लग्नं तशीही नसतात. सोयाबीन सोंगायच्या आत परत.

मेळघाटी | २३ एप्रिल, संध्याकाळी ६:२५

काका 🙏 दंडवत.

पांढरं_सोनं | २३ एप्रिल, संध्याकाळी ७:००

फोटोग्राफीच्या धाग्यावर पितृपक्षाचा मुहूर्त निघालेला हा पहिलाच असावा.

धुऱ्यावरचा | २५ एप्रिल, रात्री १०:५०

बाबांना विचारलं. पितृपक्षात लांबचा प्रवास नको म्हणाले. मग विचारलं, तिथं काय आहे? म्हटलं, चंद्रा नदी आहे, ती पुढं भागा नदीला मिळते आणि चंद्रभागा होते. बाबा माळकरी. जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "आपली चंद्रभागा पंढरपूरची. थे दुसरी." मी म्हटलं, हो, दुसरी. म्हणाले, "नाव तं तेच हाये ना. जा मंग. पण सर्वपित्रीले पानावर पाह्यजे तू."

ठरलं. बॉडी, दोन लेन्स, छोटा ट्रायपॉड, तीन बॅटऱ्या. काट्यावर ३ किलो ६००. बॅटऱ्यांसाठी आईनं बाबांच्या जुन्या बंडीला आतून दोन खिसे शिवून दिले.

आर्वीकर | २६ एप्रिल, सकाळी ७:०५

शेवटी कॅमेरा नेतोच आहेस. बघ बुवा. सराव कर निदान, तेवढ्याच वजनाचं तुरीचं गाठोडं घेऊन रोज धुऱ्यावर फिर.

काडीबहाद्दर | १४ ऑगस्ट, रात्री ८:२०

धागा वर काढतो. आमचे बोर्न साहेब आहेत कुठं?

धुऱ्यावरचा | १५ ऑगस्ट, सकाळी १०:००

डवरणी, फवारणी, आणि गाठोडं घेऊन फिरणं. गावातले लोक विचारून राहिले, रोज तूर कुठं नेतं?

धुऱ्यावरचा | सर्वपित्री अमावस्या, रात्री ९:३०

मंडळी, आलो. पानावर वेळेत होतो.

आधी जे फसलं ते. खिंडीत काही दिसलं नाही. सकाळी सहाला बालू का घेऱ्याहून निघालो तेव्हा आकाश धुतल्यासारखं होतं, दहाला ढग चढायला लागले, माथ्यावर पोहोचलो तेव्हा समोरच्या दोस्ताची पाठ दिसत होती आणि त्याच्या पलीकडं पांढरं. कापसाच्या खोलीत उभं राहिल्यासारखं. +१.३ वर ठेवून त्या पांढऱ्यात दोस्ताची लाल पिशवी काढली. चढावरचा सगळा कॅमेरा छातीशीच होता, क्लिपवर. जुनी_फिल्म काका, त्याच्यासाठी पाय धरतो तुमचे.

डॉक्टरसाहेब, पळायचं नाही ठरवून गेलो होतो आणि दुसऱ्याच दिवशी मेंढ्यांच्या कळपामागं पळालो. पन्नास पावलं. तोंडाला रक्ताची चव आल्यासारखं झालं, दगडावर बसलो, मेंढपाळ हसून राहिला होता. त्याला हातानं विचारलं, फोटो काढू काय. त्यानं टोपी सरळ केली. हा फोटो चांगला आहे.

तिसऱ्या दिवशी खिंड उतरलो की एका अंगानं हिरवं संपते आणि दुसऱ्या अंगाला सगळं मातकट, कोरडं. कुल्लूकडं पाऊस अडतो, लाहौलकडं पोहोचत नाही. मला ते पाहून गावाकडचा मे महिना आठवला, फक्त थंड. शिया गोरूचा ओढा सकाळी ओलांडला. गुडघ्याएवढं पाणी, पण पाचव्या पावलाला पाय आपले आहेत काय ते कळत नव्हतं. कॅमेरा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, डोक्यावर. मधे एकाचा मोबाईल गेला पाण्यात. आर्वीकर भाऊ, मी काही म्हणत नाही.

चूक एक मोठी झाली. पहिल्या रात्री कॅमेरा तसाच तंबूत घेतला. चौघांच्या श्वासानं तंबू भरलेला. सकाळी लेन्सवर आतून दव. दोन तास १८-५५ धुक्यातच. दुसऱ्या रात्रीपासून बाहेरच पिशवीत घट्ट बांधून मग आत, आणि सकाळपर्यंत उघडायचं नाही. बंडीतल्या बॅटऱ्या मात्र शेवटपर्यंत चालल्या. तिसरी वापरावीच लागली नाही.

चंद्रताल. तळ्याकाठी तंबू लावू देत नाहीत, मुक्काम दोनेक किलोमीटर अलीकडं. आठ वाजता तंबूबाहेर आलो. मेळघाटी दादा, काय सांगू. धुऱ्यावर जागलीला झोपलो की आमच्याकडंही दिसते ती, पण पुसट, पेरणी झाल्यावर तिफणीची रेघ उरते तशी. तिथं सावली पडेल की काय असं वाटत होतं. वीस सेकंदांचे चौदा फोटो काढले. सहा हलले, कारण ट्रायपॉड हलका आणि वारा. मग ट्रायपॉडला दगडांची पिशवी लटकवली. साडेअकराला डोंगरामागून उजेड यायला लागला, चंद्र. काकांचं पंचांग मिनिटावर नाही, पण तासावर बरोबर.

परतताना अटल बोगदा. नऊ किलोमीटर, दहा हजार फुटांवर. त्याच्या अलीकडं सिस्सूजवळ गाडी चहाला थांबली. रस्त्याच्या खाली फुलकोबीचं वावर होतं, मागं अर्धा बर्फाचा डोंगर. बाई पाटाचं पाणी फिरवत होती, फावड्यानं, आपल्याकडं फिरवतात तसंच. विचारून एक काढला, ७० वर, थकलो होतो, नीट पाहिलंही नाही.

काल बाबांना टीव्हीवर लावून दाखवले. आकाशगंगा आली, म्हणाले, "पुढं." खिंड आली, म्हणाले, "धुकं हाये." तळं, "बरं हाये." कोबीचं वावर आलं आणि बाबा खुर्ची ओढून टीव्हीजवळ गेले. पाणी कुठून येते, बर्फाचं काय, पाट कच्चा का सिमेंटचा, वाफे किती फुटांचे, बाईच्या हातात फावडं कोणतं. मला बोटानं मोठं करायला लावलं. फोटो इतका मोठा केला की बर्फ बाहेर गेला, नुसता कोबी राहिला. अर्धा तास तोच एक फोटो.

मेळघाटी | सर्वपित्री, रात्री ९:५८

आकाशगंगेला "पुढं" 😂😂 बाकी तिफणीची रेघ लय आवडली. फोटो टाका.

वणीची_मास्तरीण | सर्वपित्री, रात्री १०:०६

सुंदर लिहिलंय. तुमचा स्वतःचा एखादा फोटो आहे की माझी गत?

धुऱ्यावरचा | सर्वपित्री, रात्री १०:१२

एक आहे ताई. मेंढपाळानं काढला. बोट लेन्सवर.

आर्वीकर | सर्वपित्री, रात्री १०:२०

पाण्यात गेलेला मोबाईल तांदळात ठेवला का? (विषय बदलतो आहे.)

पांढरं_सोनं | सर्वपित्री, रात्री १०:३१

कोबीचा भाव काय होता तिकडं?

धुऱ्यावरचा | सर्वपित्री, रात्री १०:३४

ते विचारायचं राहिलं ना भाऊ. बाबा कालपासून त्याच्यावरूनच बोलून राहिले.